विहिणीचं मशीन झालं, माझं अडलं

माझ्या विहिणीचा कॉम्प्युटर सांगलीत एका दुपारी अपडेट झाला आणि माझा इथं, उंब्रजजवळच्या आमच्या मळ्यातल्या घरात, अडून बसला. दोन्ही मशीन एकाच दुकानातली, एकाच दिवशी घेतलेली. माझ्या मुलानंच घेतली. एक आईला, एक सासूला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. आईला आणि सासूला सारखी वस्तू देऊ नये. पण मुलगा फौजेत आहे. तिथं सगळ्यांना सारखं वाटायची रीत असते, ती त्यानं घरात आणली.

विहीण म्हणजे माझ्या सुनेची आई. ती मॅट्रिक झालेली आहे, शाळेच्या ऑफिसात कारकून होती, टायपिंग करायची. मी चौथी झाले. मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचते, इंग्रजीतले आकडे ओळखते, एवढंच. पण मी मुलाची आई आहे. आमच्याकडं याला वजन असतं. लग्नात तिनं पितळेच्या परातीत माझे पाय धुतले, मी पायघड्यांवरून चालले, ती बाजूनं मातीतून चालली. आजही माझ्या घरी आली तर मी बसल्याशिवाय ती बसत नाही. तिच्या नवऱ्यानं एकदा जेवताना माझ्या आमटीत मीठ कमी आहे म्हटलं, तर तिनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं होतं. हे असं वीस-बावीस वर्षं चाललं आहे आणि मला ते आवडतं.

नात म्हणजे मुलाची थोरली. मुलाच्या बदल्या लांब लांब व्हायच्या, सून त्याच्याबरोबर असायची. पोरगी शाळेत घालायची झाली तेव्हा ती माझ्याकडं ठेवली. दहावीपर्यंत ती माझ्याजवळ होती. तिचा गोवर मी काढला, तिच्या डोक्यातल्या उवा मी मारल्या, तिला सायकल शिकवताना माझा पाय मुरगळला तो अजून थंडीत दुखतो. पुढं कॉम्प्युटरच्या शिक्षणाला तिला सांगलीचं कॉलेज मिळालं. आजोळ तिथंच, म्हणून ती आजोळी राहायला गेली. यात कुणाचा दोष नाही. तरी मी तो विहिणीवर ठेवते.

संध्याकाळी नात मशीनवर दिसायची. मोबाईलवर मला माणूस नीट दिसत नाही, म्हणून मोठा पडदा. ती बोलायची आणि पाठीमागं विहीण तिच्या केसांना तेल लावत बसलेली असायची. ते केस मी वाढवले होते. शिकेकाई कुटून. आणि आता मागं बसून ही बाई त्यात बोटं फिरवत होती आणि मला म्हणत होती, "विहीणबाई, तब्येत बरी आहे ना?" मी म्हणायचे, बरी हाय. काय म्हणणार?

दिवाळीच्या सुट्टीच्या आधी नातीनं फोन केला.

"आजी, एक काम आहे. कॉलेजनं सुट्टीत प्रोजेक्ट करायला दिलंय. ते जुन्या सिस्टीमवर चालत नाही. तुझ्या मशीनला नवी सिस्टीम पडली तर मी अख्खी सुट्टी तुझ्याकडं येते."

"आणि न्हाई पडली तर?"

"तर मग इथंच थांबावं लागेल. भाऊबीजेला येऊन जाईन."

"लॅपटॉप?"

"तो पप्पा पुढच्या वर्षी घेणार आहेत. आणि आजी, सांगलीच्या आजीचं कालच झालं. तिनं स्वतः केलं. भारी ना?"

भारी. मला ती "आजी" म्हणते आणि तिला "सांगलीची आजी" म्हणते. पण हे माझ्याशी बोलताना. तिथं घरात ती नुसती आजी असणार आणि मी उंब्रजची. हा विचार माझ्या डोक्यात नेहमी येतो, त्या दिवशी जास्त आला.

मी फोन ठेवला आणि मशीन चालू केलं. मुलानं माझ्यासाठी त्यात मराठी भाषा टाकून दिली आहे. पण ते मराठी ज्यानं लिहिलं त्यानं कधी कुणाशी मराठीत भांडण केलेलं नसणार. "अद्यतने स्थापित करत आहे. आपला संगणक बंद करू नका." खाली आकडा वाढत गेला. तिसाच्या पुढं गेला, तिथं थांबला, मी म्हशीची धार काढून आले तरी तिथंच. मग पाटी बदलली. "अद्यतने पूर्ण करता आली नाहीत. बदल पूर्ववत करत आहे." पूर्ववत म्हणजे होतं तसं, हे मला कळलं. पण होतं तसं करायला त्यानं करण्यापेक्षा जास्त वेळ घेतला.

दुसऱ्या दिवशी परत लावलं, परत तेच. मग नातीला फोन केला. तिच्या परीक्षा चालू होत्या. ती म्हणाली, "मला आत्ता वेळ नाही गं, सांगलीच्या आजीला सांगते, ती तुला फोनवरून सांगेल."

नको म्हणायच्या आत तिनं फोन विहिणीच्या हातात दिला.

विहिणीनं आधी जेवण झालं का विचारलं. मग म्हशीची चौकशी केली. मग परतीचा पाऊस तुमच्याकडं कसा आहे विचारलं. माझा पदर घामानं भिजत होता, हिचं चाललंय पावसाचं.

"विहीणबाई, खालच्या पट्टीत चार चौकोनांचं चित्र आहे बघा."

"हाय."

"त्याच्यावर दाबता का?"

"दाबलं."

"आता दातेरी चाक दिसतंय? ते उघडलं की डावीकडं अपडेट म्हणून लिहिलेलं असेल."

"अद्यतन म्हणून लिवलंय."

"म्हणजे काय?"

"ते मला काय इचारता? तुमी शिकलेल्या."

ती म्हणाली, "असू दे, तेच असेल. बरोबर केलंत."

तिच्या मशीनला सगळं इंग्रजीत होतं, माझ्या मशीनला मराठीत. ती म्हणायची ट्रबलशूट, माझ्याकडं लिहिलेलं समस्यानिवारण. हा शब्द मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वाचला होता. दाबला. एक निळी रेघ इकडून तिकडं फिरत राहिली आणि शेवटी लिहून आलं की समस्या ओळखता आली नाही. ग्रामपंचायतीतही असंच होतं.

"काय आलं?" विहिणीनं विचारलं.

"त्याला काय कळंना म्हणतंय."

"असू दे, असू दे. जागा किती शिल्लक आहे ते बघू."

जागेचा पट्टा लाल होता. मशीन भरलं होतं. कशानं भरलं ते मला बघायची गरज नव्हती. आमच्या भावकीतली लग्नं त्यात होती. गेल्या काही वर्षांत ज्याच्या घरी लग्न झालं तो शूटिंगचा पेन ड्राईव्ह घेऊन यायचा आणि म्हणायचा, "काकी, एक कॉपी तुमच्या मशीनला टाकून ठेवा, आमच्याकडं हारवंल." थोरलं घर आमचं, कॉम्प्युटर आमच्याकडं, म्हणून धान्य ठेवायला आणावं तसं ते लग्नं आणून ठेवायचे. हळदीसकट, वरातीसकट, तासातासाच्या पंक्तीसकट. कोण कसा जेवतो हे माझ्या मशीनला पाठ असेल.

मी भावकीत निरोप दिला की आपापली लग्नं आपापल्या घरी घेऊन जा, माझी नात यायची आहे. एकीला राग आला. म्हणाली, "काकी, आमचं एवढंसं लगीन तुमाला जड झालं व्हय?" मी म्हटलं, "तुजं लगीन एवढंसं न्हाई, त्यात तुजा भाऊ दोन तास नाचलाय." ती हसली आणि घेऊन गेली. बाकीचेही आले, पेन ड्राईव्ह लावून घेऊन गेले. पट्टा निळा झाला नाही, पण लाल कमी झाला.

विहिणीचा परत फोन आला. "अजून थोडी जागा हवी. मोठी फाईल कुठली राहिलीय?"

"आपल्या पोरांची."

मुलाच्या लग्नाची सीडी होती, ती मुलानंच मशीनवर घातलेली.

"ती असू दे," विहीण म्हणाली.

"का असू दे? मी पेन ड्राईव्हला काढते." मला एक नवा पेन ड्राईव्ह मुलानं देऊन ठेवला होता. "आन् तुमाला पायजे आसल तर तुमालाबी एक देते."

"आमच्याकडं आहे," ती म्हणाली. आवाज जरा बारीक झाला होता. तिला काय आठवलं असेल मला माहीत आहे. काढून टाकायच्या आधी मी तो भाग बघितला. तिचे केस काळेभोर, गुडघ्यावर बसून ती माझ्या पायांवर पाणी घालते आहे आणि मी दुसरीकडंच बघते आहे, जसं बघायचं असतं तसं. मी तो दोनदा बघितला. बरं वाटलं. मग काढला.

आता जागा झाली. मी परत लावलं. आकडा यावेळी पन्नासाच्या पुढं गेला. मी खुर्ची ओढून समोरच बसले. दुपारी ढग आले, कडाडलं. मग थोड्या वेळानं बघते तर परत तीच पाटी, पूर्ववत करत आहे.

विहिणीनं विचारलं, "मध्ये बंद केलं नव्हतं ना?"

"न्हाई."

"बटण दाबलं नव्हतं?"

"न्हाई म्हटलं की."

"असू दे, असू दे. तुमचं काही चुकलं नाही."

परतीच्या पावसाचे दिवस होते. मी लावायचे, दुपारपर्यंत आकडा चांगला चढायचा आणि मग घसरायचा. प्रत्येक वेळी विहीण मऊ आवाजात तेच म्हणायची, तुमचं बरोबर आहे, तुमचं काही चुकलं नाही. त्या मऊ आवाजाचा मला संशय येऊ लागला. एवढी हुशार बाई, स्वतःचं मशीन एका दुपारी करते आणि माझं होत नाही? हिला ते व्हायलाच नको आहे. मशीन झालं नाही तर पोरगी सांगलीत राहते. हिला काय, नुसतं असू दे म्हणत राहायचं. मी भाकरी थापताना हाच विचार करत होते आणि भाकऱ्या जाड होत होत्या.

एके दिवशी मशीन उघडेचना. काळा पडदा, मग गोल ठिपके फिरायचे, मग निळा पडदा, त्यावर लिहिलेलं की आपला संगणक योग्यरीत्या सुरू झाला नाही. परत बंद, परत ठिपके. मी धाकट्या दिराच्या गाडीतून तो डबा उंब्रजला दुकानात नेला. दुकानदारानं तो उघडून फुंकर मारली आणि म्हणाला, "सगळं पुसून नवं टाकावं लागंल. पण आता दिवाळीची गर्दी हाय, दिवाळी झाल्यावर बघू."

"दिवाळी झाल्यावर मला कशाला पायजे?"

"मावशी, दिवाळी वर्साला येती की परत."

डबा परत घेऊन आले. संध्याकाळी नातीचा फोन. मी सांगितलं ते तिनं ऐकलं. आणि एकदम सहज म्हणाली, "राहू दे मग आजी. कशाला त्रास घेतेस? मी इथंच थांबते. इथं सगळं व्यवस्थित चालू आहे."

इथं सगळं व्यवस्थित चालू आहे. त्या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं नवरा मेल्यावरही लागलं नव्हतं. तो आजारी होता, माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

मी विहिणीला फोन केला. जेवण झालं का वगैरे विचारलं नाही.

"विहीणबाई, तुमी या."

"मी?"

"व्हय. तुमी येऊन करून द्या. फोनवर हुईत न्हाई."

वीस-बावीस वर्षांत मी तिला बोलावलं होतं ते बारशाला, वास्तुशांतीला, जत्रेला. तिच्याकडं काही मागायला कधी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, "येते की. उद्याच येते." नातीला घरी मामा-मामी होते, तिची काळजी नव्हती. नातीनं रात्रीत एका पेन ड्राईव्हवर नवी सिस्टीम भरून दिली आणि सकाळच्या एसटीनं विहीण निघाली.

ती आली तेव्हा हातात भडंगाची मोठी पिशवी आणि खांद्याला पर्स. मी बसले, मग ती बसली. चहा घेतला. पेन ड्राईव्ह तिनं पर्समधून असा काढला, जणू देवाचा टाकच. हे सगळं मी बघत होते. माझ्या नातीनं ते तिच्या हातात दिलं होतं.

"लाईट कधी जाते तुमच्याकडं?" तिनं विचारलं.

"सांजच्याला. दिवसा आसती."

"मग आत्ताच बसू."

तिनं पेन ड्राईव्ह लावला, मशीन चालू करताना वरचं एक बटण पुन्हा पुन्हा दाबलं, मग इंग्रजीत काहीतरी आलं. ती नाकावर चष्मा ओढून वाचत होती, बोट पडद्यावर फिरवत होती. "फोटो वगैरे ठेवायचे असं दाबलंय," ती म्हणाली. आकडा सुरू झाला. आता बसून राहण्याशिवाय काम नव्हतं. ओल्या शेंगा काढून आणलेल्या होत्या, मी सूप दोघींच्या मध्ये ठेवलं. दोघी शेंगा फोडत बसलो.

"पोरगी तुमच्याकडं वांगं खाती?" मी विचारलं.

"नाही हो, हात लावत नाही."

"माझ्याकडं खाती. भरलेलं."

"हो का?" ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आमच्याकडं पहाटे उठून अभ्यासाला बसते."

"माझ्याकडं कवा उठली न्हाई पाटंची. माझ्याकडं शांत झोप लागती तिला."

"तिथं आता परीक्षा असतात, विहीणबाई."

"इतं न्हवत्या व्हय? दहावी काय झोपंत पास झाली?"

ती हसली. "तुमच्या थालीपिठाचं फार कौतुक करते," ती म्हणाली.

"तुमच्या भडंगाचं बी करती," मी म्हटलं, कारण म्हणावं लागलं. "पर भडंग काय, दुकानात मिळतंय."

तेव्हाच ढग आले. लांब कुठंतरी गडगडलं. आकडा साठाच्या पुढं होता. मग जवळ कडाडलं, खिडकीची काच हलली. मी उठले आणि सवयीनं भिंतीजवळ जाऊन प्लगला हात घातला.

"हे काय करताय?"

"कडाडलं की."

"मग?"

"मग काय? प्लग काढते. आमच्या मळ्यात दोघांचे टीव्ही गेलेत, खालच्या आळीत फ्रिज जळाला. कडाडलं की सगळे काढत्यात."

विहीण खुर्चीवरून उठली. "म्हणजे रोज दुपारी तुम्ही प्लग काढत होता?"

"काढतच होते की."

"मी विचारलं ना तुम्हाला, मध्ये बंद केलं का!"

"बंद कुटं केलं? बंद करायला बटणाला मी हातबी लावला न्हाई. इजेला प्लग काढायचा, त्याला कोण बंद केलं म्हणतंय? थांबलं की परत लावतच हुते."

मी खरंच तसं समजत होते. दाराला कडी लावणं आणि ऊन आलं म्हणून दार लोटणं वेगळं, तसं. आमच्या मळ्यातल्या कुणालाही विचारा, कडाडल्यावर काढलेला प्लग कुणी मोजत नाही.

परत कडाडलं. माझा हात प्लगवरच होता.

"हात काढा," विहीण म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं.

"हात काढा म्हणते ना! पडली वीज तर पडू दे. जळू दे मशीन. पण प्लग काढलात तर मी आत्ता सांगलीला जाईन, आणि मग पोरगी तिकडंच राहील!"

अशी ती मला आजवर कधी बोलली नव्हती. तिला स्वतःलाच धक्का बसलेला दिसत होता, पदर तोंडाला लावला होता. पण मागं हटली नाही. माझ्या आणि प्लगच्या मध्ये येऊन उभी राहिली, शेंगांची टरफलं साडीवर तशीच.

मी हात काढला.

दोघी उभ्याच राहिलो. मशीन चालत होतं. बाहेर आपटून पाऊस आला.

"मला वाटलंच होतं, मध्ये करंट जातोय," ती जरा वेळानं म्हणाली. "पहिल्याच दिवशी वाटलं होतं."

"मग सांगायचं की!"

"तुम्ही नाही म्हणालात. मुलाच्या आईला परत कसं विचारायचं? तुम्ही खोटं बोलताय असं झालं असतं."

"परत इचारलं आसतं तर मी सांगितलं आसतं."

"नसतं सांगितलं. चिडला असता. आणि उद्या आमच्या लेकीला काहीतरी बोलला असता."

"तुमची लेक आता चाळिशीला आली. तिला मी काय बोलणार?"

"तेच," ती म्हणाली. "पण सवय लागलीय मला. पहिल्या वर्षी तुम्ही तिला किती बोलला होता, मी विसरलेली नाही."

मी बोलले होते. सुनेला भाकरी येत नव्हती.

मग ती परत खुर्चीवर बसली, माझी वाट न बघता बसली, आणि पडद्याकडं बघत म्हणाली, "आणि खरं सांगू? नाही झालं की मला बरं वाटत होतं. रोज वाटत होतं. पोरगी राहील म्हणून. म्हणून जास्त काही विचारलं नाही."

"मला ठाऊक हुतं," मी म्हटलं.

"ठाऊक होतं?"

"तुमच्या 'असू दे'वरनं वळखलं. यवढं ग्वाड कुणी आपल्या भनीलाबी म्हणत न्हाई."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. ती म्हणाली, "तुम्हीही तसंच केलं असतं."

"मी तर फोनच उचलला नसता."

तिला हसू आलं आणि ती शेंगांच्या सुपाकडं हात लांब करून बसली. पाऊस थांबला तेव्हा आकडा नव्वदच्या पुढं होता. मग मशीन आपोआप बंद झालं. मी उठायला लागले, पण ती म्हणाली, असं होतंच, परत चालू होईल. झालं. नवा पडदा आला, वेगळ्या रंगाचा, सगळी चित्रं मध्ये सरकलेली. फोटो होते तिथंच होते. विहिणीनं नातीला फोन लावला, तिनं सांगितलं तसं प्रोजेक्टचं काय ते उतरवून घेतलं, चालवून बघितलं. चाललं.

"झालं, आजी?" फोनमधून नात विचारत होती.

कुठल्या आजीला विचारते आहे ते कळलं नाही. दोघी एकदम म्हणालो, "झालं."

"मग परवा शनिवारी पेपर संपला की मी निघते. सुट्टी पूर्ण तिकडं!"

रात्री विहीण आमच्याकडंच राहिली. सकाळी तिनं पिशवी भरली, पण पिशवी दाराजवळ ठेवून ती परत आत येऊन बसली. चहा झाला, पोहे झाले, तरी बसली. परसातली जास्वंद बघून आली. म्हशीला टरफलं घातली. मला कळत होतं. शनिवार उद्यावर होता. मी नुसतं म्हणायला हवं होतं, थांबा की विहीणबाई, पोरगी येईल, भेटून जा. एवढं वाक्य. ती थांबली असती. आणि शनिवारी पोरगी एसटीतून उतरली असती ती आम्हा दोघींच्या पुढ्यात, आणि आधी कुणाच्या गळ्यात पडली असती ते मला बघायचं नव्हतं.

मी ट्रंकेतली चांगली साडी काढली. नातवाच्या बारशाला आलेली, घडी न मोडलेली. धाकट्या जावेला बोलावून तिची ओटी भरवली. खण, नारळ, तांदूळ, सगळं नीट. साडीचा रंग तिला शोभेल असाच होता, त्यात मी हात आखडला नाही. कुंकूही जावेनं लावलं. आणि म्हटलं, "धाकला दीर गाडी घेऊन येतोय, तुमाला स्टँडवर सोडंल."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग ओटी सांभाळत वाकून माझ्या पाया पडायला लागली, कारण तशी रीत. मी तिला अर्ध्यातच धरलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "काल मला वराडला, आन् आज पाया पडता व्हय?"

स्टँडवर मीही गेले. एसटीत ती खिडकीशी बसली, ओटी मांडीवर. एसटी सुटायला लागली तेव्हा म्हणाली, "तिला दुपारी दही देऊ नका, सर्दी होते."

"मला म्हायती हाय," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं. माझ्याकडं असताना होत नव्हती.

शनिवारी पोरगी आली, मी स्टँडवर न्यायला गेले होते. उंच वाटली. पाठीवर सॅक, केस कापलेले. खांद्यापर्यंतच. मशीनवर ते कळलं नव्हतं, का नुकतेच कापले होते, कुणास ठाऊक. ती गळ्यात पडली, मग मान लांब करून माझ्या मागं बघायला लागली.

"सांगलीची आजी कुठंय? मला वाटलं ती इथंच असेल."

"काल गेली."

"थांबवलं नाहीस तिला? एक दिवसाचं तर होतं."

"न्हाई थांबवलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मोठी झाली आहे, तिला आता कळतं. म्हणाली, "आजी, तू पण ना." आणि सॅक सांभाळत दिराच्या गाडीकडं चालायला लागली.

घरी आल्याबरोबर ती मशीनसमोर बसली. मी आत वांगी चिरायला घेतली. बाहेरून तिचा आवाज आला, "मस्त चालतंय गं, तिथल्यापेक्षा फास्ट." हे तिनं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल. पण मला बरं वाटलं.

सुट्टी संपेपर्यंत ती इथं आहे. पाडव्याला सांगलीच्या आजीला बोलवूया, असं तिनं दोनदा म्हटलं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.